नो-हडल ऑफेन्स नक्की वापरायचा कसा? (पोराच्या टीमचं पानिपत बघून पडलेला प्रश्न)

चेनवाले_काका

मंडळी, अमेरिकन फुटबॉलचा धागा आहे. "हातात धरून पळतात तर त्याला फुटबॉल का म्हणतात" हा प्रश्न ज्यांना अजून सतावतोय त्यांनी दिवे घ्या आणि पुढच्या बाफवर जा :)

पार्श्वभूमी अशी की आम्ही सिनसिनाटीच्या बाजूला राहतो, धाकटा दहावीत आहे आणि शाळेच्या ज्युनियर व्हार्सिटी टीममध्ये सेंटर खेळतो, म्हणजे वाकून दोन पायांमधून बॉल मागे देणारा. दर मॅचला पालकांपैकी चौघांना साइडलाइनवर चेन धरायला उभं करतात, त्यात गेल्या वर्षी मला ओढलं ते ओढलंच. दोघांकडे काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी, एक जण साखळीला क्लिप लावणारा आणि एकाकडे कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आहे ते दाखवणारा डबा. डबा माझ्याकडे. तसं आरामाचं काम, प्ले (एक चाल) संपला, पोरं गोल करून डोकी खाली घालून उभी राहिली की मी चार पावलं चालायचो, आकडा फिरवायचो, कॉफीचा घोट घ्यायचो.

यंदा नवीन कोच आलाय. पहिल्याच दिवशी जाहीर केलं की हडल बंद, आपण फास्ट खेळणार, समोरच्यांना श्वास घेऊ देणार नाही. काल सकाळी मॅच झाली. पहिल्या तीन वेळा बॉल मिळाला त्यात आम्ही नऊ प्ले खेळलो आणि एकही फर्स्ट डाऊन (दहा यार्ड पूर्ण करून नवे चार प्रयत्न) नाही. पास पडला, पास पडला, दोन यार्ड पळाले, पंट, म्हणजे बॉल लाथेने समोरच्यांच्या हवाली. परत तेच. घड्याळ जेमतेम हललं होतं, आमचा डिफेन्स बाटलीचं झाकण उघडेपर्यंत परत मैदानात. हाफटाइमला २७-० मागे. आणि मी डबा घेऊन वर-खाली पळून घामाघूम, हेड लाइन्समन (चेनवाल्यांवर लक्ष ठेवणारा पंच) ओरडतोय "बॉक्स! बॉक्स!" आणि माझ्या डब्यावर अजून मागचाच आकडा.

श्वास कोणाचा गेला ते सांगायला नकोच. प्रश्न असा की टीव्हीवर हे एवढं भारी दिसतं ते प्रत्यक्षात चालतं कधी? की आमच्या कोचचंच काहीतरी चुकतंय?

मृण्मयी_के

वाचतेय. पण हडल म्हणजे ते गोल करून कुजबुजतात तेच ना? ते न केल्याने फायदा काय हे कोणीतरी अडाण्यांसाठी सांगा प्लीज.

गावठी_क्वार्टरबॅक

काका, हे म्हणजे तुमच्याच गावचं पाप तुमच्या दारात आलं म्हणायचं, हाहा. शेवटच्या दोन मिनिटांत घाईघाईने खेळणं आधीही होतंच, पण अख्खी मॅच असं खेळायचं हे एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये रुळवलं ते तुमच्या सिनसिनाटी बेंगल्सनी. कोच सॅम वाइश, क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा, पास टाकणारा) बूमर एसायसन, साल १९८८. आदल्या वर्षी ४ जिंकून ११ हरलेली टीम त्या वर्षी १२-४ करून थेट सुपर बोलला (लीगच्या अंतिम मॅचला) गेली.

मृण्मयीताई, फायदा असा. प्ले संपल्यावर ऑफेन्स हडल करते तेव्हा डिफेन्सलाही तेवढाच वेळ मिळतो. दमलेला जाडजूड गडी बाहेर, ताज्या दमाचा आत, लांब पासची शक्यता असेल तर एक लाइनबॅकर काढून जादा कॉर्नरबॅक (पास अडवणारा) टाका वगैरे. ऑफेन्स हडल न करता सरळ लाइनवर येऊन उभी राहिली की हे सगळं बंद. जे अकरा मैदानात आहेत तेच राहणार, आणि बाहेर पळणारा बारावा माणूस मैदानातच असताना स्नॅप (सेंटरने बॉल मागे देणं) घेतला तर पंचाचा पिवळा रुमाल, म्हणजे पेनल्टी, पडलाच.

गंमत बघा, १९८९ च्या जानेवारीत एएफसी फायनलला (सुपर बोलच्या आधीची मॅच) बेंगल्सच्या समोर होते आमचे बफेलो बिल्स (मी वीस वर्षं बफेलोत काढली आहेत, त्यामुळे "आमचे"). बिल्सचे कोच मार्व्ह लीव्ही यांचा ह्या प्रकाराला कडाडून विरोध होता. मॅचच्या साधारण दोन तास आधी लीगकडून वाइशना निरोप आला की असा झटपट स्नॅप घेतलात तर पेनल्टी मारू. तरी बेंगल्स २१-१० जिंकले. आणि दोनच वर्षांत आमच्या त्याच लीव्हीसाहेबांची टीम अख्खी मॅच नो-हडल खेळत होती!! जिम केली लाइनवर उभा राहून स्वतः प्ले पुकारायचा, त्या ऑफेन्सला के-गन म्हणायचे, आणि तो के केलीचा नाही बरं का, कीथ मॅकेलर नावाच्या टाइट एंडचा. १९९१ च्या जानेवारीत रेडर्सना ५१-३ धुतलं. ५१-३!

बंड्या७७

आणि मग सलग चार सुपर बोल हरले. तेही सांगा की भाऊ.

गावठी_क्वार्टरबॅक

सांगणारच होतो, जखमेवर मीठ चोळायची एवढी घाई का :(

आणि काकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ५१-३ नंतर आठवडाभरातच टॅम्पाला सुपर बोल, समोर न्यूयॉर्क जायंट्स. बिल्स बुलेट ट्रेन आणि जायंट्सनी ठरवलं की आपण बैलगाडीच हाकायची. पळा, तीन-चार यार्ड मिळवा, घड्याळ चालू ठेवा, पुन्हा पळा. तिसऱ्या क्वार्टरला त्यांचा एकच ड्राइव्ह (बॉल आपल्याकडे असतानाची सलग खेळी) साडेनऊ मिनिटं चालला. एकूण ६० मिनिटांपैकी बॉल जायंट्सकडे ४० मिनिटं ३३ सेकंद, बिल्सकडे १९ मिनिटं २७ सेकंद. शेवटी २०-१९ ने हरलो, ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि लोक अजून त्या किकरच्या नावाने खडे फोडतात. माझं म्हणणं, किक नंतरची गोष्ट, आमचा डिफेन्स दोन तृतीयांश मॅच मैदानात होता त्याचं काय?

काका, तुमच्या पोरांचंही अगदी हेच झालंय. नो-हडलचं बिल ऑफेन्सच्या नावाने फाटतच नाही, ते डिफेन्सला भरावं लागतं. हडल करून तीन-अँड-आउट (तीन प्ले, फर्स्ट डाऊन नाही, पंट) झालात तर निदान दीड-दोन मिनिटं गेली असती. पास पाडून घाईत तीन-अँड-आउट म्हणजे चाळीस-पन्नास सेकंद.

मृण्मयी_के

कळलं कळलं! म्हणजे पंगतीत वाढपी थांबलेच नाहीत तर जेवणाऱ्याला "नको" म्हणून हात आडवा करायलाही वेळ मिळत नाही, तसं. आणि पातेल्यात काही नसताना वाढपी नुसतेच पळाले तर आपलेच पाय दुखणार.

गावठी_क्वार्टरबॅक

ताई, तुम्हाला कोच करायला पाहिजे.

स्वाती_ह्यूस्टन

+१ बिलाच्या मुद्द्याला, पण ह्याची दुसरी बाजूही बघा. २०१७ चा सुपर बोल आमच्या ह्यूस्टनला झाला, फाल्कन्स २८-३ पुढे, तिसरा क्वार्टर अर्धा होत आलेला, आमच्या घरी जमलेल्यांपैकी निम्मे लोक उठून जेवायला गेले. पॅट्रियट्सनी मॅचभरात ९३ प्ले खेळले, फाल्कन्सनी फक्त ४६. दुप्पट! चौथ्या क्वार्टरला फाल्कन्सची पुढची फळी बघवत नव्हती, सुरुवातीला पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडीला सळो की पळो केलं होतं तेच आता त्याच्या जवळपासही पोचत नव्हते. ओव्हरटाइममध्ये तर सरळ चालतच एंड झोन गाठला, ३४-२८. तर समोरच्याचा दम काढायचाच असेल तर प्लेचा आकडा वाढला पाहिजे, आणि तो फर्स्ट डाऊन मिळाले तरच वाढतो. नुसती घाई करून वाढत नाही.

आणि फाल्कन्सचा शहाणपणा काय, तर २५ पॉइंट पुढे असताना प्ले क्लॉकवर (पुढचा स्नॅप घ्यायची मुदत मोजणारं घड्याळ) सेकंद शिल्लक ठेवून स्नॅप घेत होते. अरे बाबांनो, जेवून घ्या, हात धुवा, मग स्नॅप घ्या!

बंड्या७७

मला हे सगळं जरा अतीच वाटतं. घाईघाईत खेळून जिंकता येत असतं तर सगळेच नसते का जिंकले? कोच चिप केलीचं काय झालं? ओरेगॉनला कॉलेजात धुमाकूळ घातला, २०१३ ला फिलाडेल्फिया ईगल्सला आला, पहिल्याच मॅचला पहिल्या हाफमध्ये ५३ प्ले, लोकांनी डोक्यावर घेतलं. त्या मॅचचा शेवट बघा, ३३-२७, म्हणजे दुसऱ्या हाफला घाम फुटलाच. पहिली दोन वर्षं १०-६, १०-६ आणि तिसऱ्या वर्षीचा सीझन संपायच्या आत घरी पाठवला.

मी खो-खो खेळलोय दहा वर्षं, सांगलीकडे. आमचे सर सांगायचे की नुसते पटापट खो दिले की चांगला रनर तालात येतो आणि तुम्हाला खेळवतो. दोन खो झटकन द्यायचे आणि तिसऱ्याला अर्धा क्षण थांबायचं, तिथे तो फसतो. वेग एकच ठेवला की तो कितीही जास्त असू दे, समोरच्याला सवय होतेच.

चेनवाले_काका

बंड्याभाऊ, विरोध करता करता उत्तरच देऊन गेलात तुम्ही.

ओमाहा_ओमाहा

बंड्याशी सहमत, खो-खोच्या मुद्द्याशी. लोक नो-हडल आणि हरी-अप (घाईने खेळणं) ह्या दोन गोष्टी एकच समजतात तिथेच गाडी घसरते. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग आठवा. कोल्ट्सला असताना आणि नंतर ब्राँकोजला, हडल नाही पण घाईसुद्धा नाही. सगळे लाइनवर येऊन उभे, घड्याळात वीस-बावीस सेकंद बाकी, आणि हा माणूस हातवारे करतोय, ह्याला इकडे सरकव, त्याला तिकडे, "ओमाहा ओमाहा". डिफेन्सला धाकधूक की आत्ता स्नॅप घेतला तर? म्हणून त्यांना खरी जागा धरूनच उभं राहावं लागतं, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडून हल्ला) येणार असेल तर तो लपवता येत नाही. मॅनिंग ते वाचतो आणि प्ले बदलतो. म्हणजे पटकन स्नॅप घेऊ शकतो ह्या भीतीवरच अर्धं काम होतं, दर वेळी घ्यायला लागत नाही. आणि अधूनमधून खरंच झटकन घ्यायचा, नाहीतर भीती राहत नाही.

माझ्या मते तीन गिअर लागतात. एक, अधिकाऱ्याने बॉल ठेवला की लगेच स्नॅप. दोन, लाइनवर यायचं, बाकाकडे बघायचं, कोच समोरचा डिफेन्स बघून प्ले सांगणार. तीन, नुसती हूल, क्वार्टरबॅक जोरात ओरडतो पण कोणी हलत नाही, समोरचा उडी मारतो का बघायचं. हे तिन्ही बाहेरून अगदी सारखे दिसले पाहिजेत. काका, तुमच्या कोचकडे बहुतेक पहिला एकच गिअर आहे.

अर्थात मॅनिंगचंही एकदा पानिपत झालंच. २०१३ च्या सीझनला ब्राँकोजनी ६०६ पॉइंट केले, एनएफएलचा रेकॉर्ड, आणि सुपर बोलला पहिल्याच स्नॅपला गोंगाटात सेंटरला काही ऐकू येईना, बॉल मॅनिंगच्या डोक्यावरून मागे, सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना दोन पॉइंट. १२ सेकंदांत २-० मागे, शेवटी सिअॅटलकडून ४३-८. तोंडी सगळं चालवायचं म्हणजे ऐकू आलं पाहिजे हो.

पिवळा_रुमाल

मी वीकेंडला पोरासोरांच्या मॅचेसना पंच असतो, त्यामुळे नियमांचं थोडं.

१) एनएफएल आणि कॉलेजमध्ये ऑफेन्सने एक जरी खेळाडू बदलला तरी डिफेन्सला बदल करायला वेळ द्यावा लागतो, पंच बॉलवर उभाच राहतो. म्हणजे नो-हडलची सगळी जादू तुम्ही माणूस न बदलण्यात आहे. त्यासाठी असे अकरा लागतात की त्याच माणसांत पळायची फॉर्मेशनही लावता येईल आणि पासचीही. मॅकेलरसारखा टाइट एंड असला की काम होतं, ब्लॉकही करतो, रिसीव्हरसारखा पळतोही.

२) वर गिअर तीनबद्दल. एनएफएलमध्ये समोरचा ऑफसाइड आला की बऱ्याचदा प्ले चालू राहतो, अॅरन रॉजर्सने असल्या फुकटच्या प्लेवर लांब पास टाकून कमाई केली. हायस्कूलमध्ये तसं नाही. डिफेन्सने स्नॅपआधी लाइन ओलांडली की लगेच शिट्टी, पाच यार्ड, विषय संपला. तेव्हा तिथे फुकटात लांब पास मिळेल ही आशा नको. आणि तुमच्या चिरंजीवांना सांगा, हूल आवाजाने द्यायची, सेंटरने बॉल नुसता हलवला तरी रुमाल तुमच्याच नावाने पडणार.

३) हे कोणी सांगत नाही. प्ले संपल्यावर बॉल कोणाच्या हातात आहे? पोरं पंधरा यार्ड पळाली की आनंदाने बॉल जमिनीवर टाकतात किंवा मागे फेकतात. मग तो घरंगळतो, आम्ही पळतो, सात-आठ सेकंद तिथेच जातात. चांगल्या टीमची पोरं उठल्याबरोबर बॉल आणून जवळच्या पंचाच्या हातात देतात. ह्याची प्रॅक्टिस घ्यावी लागते, फुकट वेग मिळतो.

गावठी_क्वार्टरबॅक

तिसरा मुद्दा कडक! आणि वेग मोडायला डिफेन्सवाले करतात ते खोटं दुखापतीचं नाटक? १९८८ पासून चालूय. २०११ ला रॅम्स जोरात निघाले तेव्हा जायंट्सचे दोघं एकाच वेळी खाली बसले, पूर्ण देश हसला. दुखापत झालीये की नाही ते पंचाला कसं कळणार?

पिवळा_रुमाल

नाही कळत. पोरगं खाली पडलं की मी शिट्टी मारणारच, नाटक असलं तरी. एक प्ले बाहेर बसावं लागतं एवढंच.

स्वाती_ह्यूस्टन

अवांतर: २०१४ ला कॉलेजमध्ये असा प्रस्ताव आला होता की प्ले क्लॉकचे पहिले दहा सेकंद स्नॅपच घ्यायचा नाही, डिफेन्सला बदल करू द्या. कारण दिलं खेळाडूंच्या सुरक्षेचं. अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन त्याच्या बाजूने होते. फास्ट टीमवाल्यांनी एवढा गदारोळ केला की प्रस्ताव गुंडाळला. आणि त्याच सेबननी त्याच वर्षी लेन किफिनला आणून अलाबामाचा ऑफेन्स जोरात पळवला. लीव्हीसाहेबांचीच पुनरावृत्ती, आधी नाकं मुरडायची मग तेच करायचं.

बंड्या७७

रच्याकने, प्ले कळवतात कसा मग? हडल नाही, सगळे लांब-लांब उभे.

ओमाहा_ओमाहा

एनएफएलला क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, प्ले क्लॉकवर १५ सेकंद राहिले की तो बंद होतो. म्हणून लवकर लाइनवर यायचा आणखी एक फायदा, कोच अजून कानात असतो. बाकीच्यांना एक शब्द. त्या एका शब्दात फॉर्मेशन, ब्लॉकिंग, रूट सगळं. कॉलेजला बाकावरून खुणा आणि चित्रांचे मोठे बोर्ड.

आणि यातली मजा अशी की हडलचा जन्मच मुळी खुणा लपवायला झाला असं सांगतात. १८९० च्या दशकात गॅलॉडेट म्हणजे कर्णबधिरांच्या कॉलेजची टीम खुणांच्या भाषेत प्ले ठरवायची, समोरच्यांनी बघू नये म्हणून गोल करून उभी राहायला लागली. आता हडल मोडला आणि खुणा परत उघड्यावर आल्या, मग खुणा चोरणंही आलं. २०२३ ला मिशिगनचं ते खुणा चोरण्याचं प्रकरण गाजलं (ओहायोवाल्यांनी शांत राहावे), आणि २०२४ पासून वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉललाही हेल्मेट रेडिओ आला.

चेनवाले_काका

ओहायोवाला शांत राहूच शकत नाही, पण असो.

आमच्याकडे मनगटावर पट्टा असतो, त्यात प्लॅस्टिकखाली बारीक अक्षरात प्लेची यादी आणि नंबर. कोच ओरडतो "बावीस!" आणि अकरा पोरं मनगट वर करून बावीस शोधतात. काल लेकाला विचारलं यादीत किती प्ले आहेत, म्हणाला ४८. बाबा, पावसात तर दिसतही नाही, घामाने आत वाफ धरते.

ओमाहा_ओमाहा

४८??? काका, सापडला गुन्हेगार. नो-हडलला मेनू छोटा लागतो. आठ-दहा प्ले, पण झोपेतून उठवलं तरी करता आले पाहिजेत, आणि तेच प्ले तीन-चार फॉर्मेशनमधून. समोरच्याला चाळीस वाटले पाहिजेत, आपल्या पोरांना दहाच.

आणि कोचला एवढंच सुचवा (पालकाने सुचवायचं म्हणजे जपूनच), पहिला फर्स्ट डाऊन मिळेपर्यंत गिअर एक वापरू नका. पळून किंवा छोट्या पासने चार-पाच यार्ड मिळाले की मग लगेच पुढचा स्नॅप, तेव्हा समोरचे अजून उठत असतात. पास पडला की मात्र आपणहून थांबा.

चेनवाले_काका (दोन आठवड्यांनी)

मंडळी, अपडेट.

कोचला मी काही बोललो नाही, हिंमत नाही झाली. पण त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण ह्या शनिवारी पट्ट्यावर बाराच प्ले होते, अक्षरंही मोठी. पहिल्या दोन ड्राइव्हला चक्क हडल केला. मी निवांत, कॉफी वगैरे.

तिसऱ्या ड्राइव्हला आमचा रनिंग बॅक मधून सहा यार्ड पळाला, उठला, बॉल पंचाच्या हातात दिला (रुमालभाऊ, तुमची आठवण आली), आणि कोचने नुसती मूठ वर केली. सगळे लाइनवर. लेक आधीच वाकलेला, समोरचा नोज टॅकल अजून कंबरेवर हात ठेवून बाकाकडे बघतोय की बदली येतेय का. स्नॅप. तोच प्ले, तीच बाजू, अकरा यार्ड. परत मूठ. परत तोच. चौथ्या वेळी सगळे तसेच धावत आले, क्वार्टरबॅक जोरात ओरडला आणि कोणीच हललं नाही, त्यांचे दोघं उडी मारून आमच्या बाजूला. पाच यार्ड. लेक म्हणतो तो नोज टॅकल त्याला म्हणाला, "अरे जरा थांबा की!"

टचडाऊन झाला. पुढे अजून एक. २०-१४ ने हरलो, कारण चौथ्या क्वार्टरला फक्त सहा पॉइंट मागे असूनही परत तोच उत्साह, तीन पास पाडले, पन्नास सेकंदांत बॉल त्यांच्याकडे आणि त्यांनी उरलेलं सगळं घड्याळ खाल्लं. गावठीभाऊ, टॅम्पाच!

त्या ड्राइव्हला माझा डबा पूर्ण एक प्ले मागे होता. हेड लाइन्समन आता मला नावाने ओळखतो.

पिवळा_रुमाल

काका, डबेवाल्याने प्ले बघायचा नसतो, हेड लाइन्समनचा पाय बघायचा असतो. तो जिथे पाय रोवेल तिथे डबा. आणि कॉफी गाडीत ठेवा.

चेनवाले_काका

शूज कुठले घेऊ? साध्या बुटांनी गवतावर दोनदा घसरलोय.

पिवळा_रुमाल

टर्फ शूज. खिळेवाले नको, ट्रॅकवर उभं राहायचंय तुम्हाला.